लायब्ररी लिंक होते, टूल फक्त चालवलं जातं: हॅस्केल प्रोजेक्टमधल्या डिपेंडन्सी कुठे लिहायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॅस्केलमध्ये एक प्रोजेक्ट आहे: एक लायब्ररी, तिच्यावर उभा असलेला एक कमांड-लाइन प्रोग्राम आणि टेस्ट सूट. लेक्सर (मजकुराचे शब्द पाडणारा कोड) अॅलेक्स या टूलने बनतो, पार्सर (त्या शब्दांची रचना ओळखणारा कोड) हॅपी या टूलने, टेस्टसाठी एचस्पेक ही लायब्ररी वापरली आहे. लागणाऱ्या लायब्ररी कॅबल फाइलमध्ये, म्हणजे ‘कॅबल’ या बिल्ड टूलसाठीच्या पॅकेजच्या वर्णनात, ‘बिल्ड-डिपेंड्स’खाली लिहिल्या आहेत. टूल्स कुठे लिहायची ते मात्र कळत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं बिल्ड होतं, नवीन सहकाऱ्याकडे होत नाही. ‘आधी ही टूल्स इन्स्टॉल करून घ्या’ असं रीडमीमध्ये लिहून टाकू का? आणि फ्रीझ फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन बांधून ठेवणारी फाइल, गिटमध्ये ठेवू का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: रीडमीमध्ये लिहू नका. माणसाने वाचून हाताने करायची गोष्ट आज ना उद्या कोणीतरी विसरतो, आणि सीआयचं मशीन, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारं, तर रीडमी वाचतच नाही. ज्या टूलशिवाय तुमचा कोड कंपाइल होत नाही, ते टूल कॅबल फाइलमध्येच आलं पाहिजे. त्यासाठी ‘बिल्ड-टूल-डिपेंड्स’ नावाचं वेगळं फील्ड आहे.

तुमच्या लॅपटॉपवर नेमकं काय घडतंय ते आधी बघू. टेस्टच्या फोल्डरमध्ये ‘स्पेक.एचएस’ नावाची फाइल असेल. ती उघडून बघा. आत बहुतेक एकच ओळ सापडेल: जीएचसीला, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरला, दिलेली सूचना, की ही फाइल कंपाइल करण्याआधी ‘एचस्पेक-डिस्कव्हर’ या प्रोग्राममधून काढ. तो प्रोग्राम फोल्डरमधल्या ज्या फाइलींची नावं ‘स्पेक’ने संपतात त्या शोधतो आणि त्या सगळ्यांना एकत्र चालवणारं मेन मॉड्यूल तयार करतो. जीएचसी तो प्रोग्राम शोधतो कुठे? पाथमध्ये, म्हणजे सिस्टिम प्रोग्राम जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, आणखी कुठेही नाही. तुम्ही वर्षभरापूर्वी केव्हातरी ‘कॅबल इन्स्टॉल एचस्पेक-डिस्कव्हर’ केलं असणार, त्यामुळे तो होम डिरेक्टरीतल्या बिन फोल्डरमध्ये पडून आहे आणि तुम्हाला आठवतही नाही. सहकाऱ्याने ते केलेलं नाही, म्हणून त्याला ‘एचस्पेक-डिस्कव्हर चालवता आलं नाही’ असा एका ओळीचा एरर येतो. तो गोंधळतो, कारण कॅबल फाइलमध्ये एचस्पेक तर दिसतंय! पण तिथे लिहिलं आहे ते एचस्पेक लायब्ररी म्हणून. लायब्ररी मिळाली म्हणजे एक्झिक्यूटेबल पाथमध्ये आला असं होत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. टेस्ट सूटच्या भागात असं लिहा:

बिल्ड-टूल-डिपेंड्स: एचस्पेक-डिस्कव्हर:एचस्पेक-डिस्कव्हर == २.११.*

नाव दोनदा का, असं प्रत्येक जण विचारतो. कोलनच्या आधी पॅकेजचं नाव आहे, नंतर त्या पॅकेजमधल्या एक्झिक्यूटेबलचं. एका पॅकेजमध्ये तीन एक्झिक्यूटेबल असू शकतात आणि त्यांची नावं पॅकेजपेक्षा वेगळी असू शकतात, म्हणून दोन्ही स्पष्ट सांगावं लागतं. पूर्वी ‘बिल्ड-टूल्स’ नावाचं फील्ड होतं, त्यात नुसतं प्रोग्रामचं नाव लिहायचं. तो प्रोग्राम कुठल्या पॅकेजमधून येतो हे कॅबलला अॅलेक्स, हॅपी अशा ठरावीक नावांपुरतंच माहीत असे, बाकीच्यांच्या बाबतीत पाथमध्ये मिळालं तर ठीक. कॅबल २.० मध्ये, म्हणजे २०१७ साली, नवीन फील्ड आलं आणि जुनं मोडीत निघालं. फाइलच्या पहिल्या ओळीत कॅबल-व्हर्जन ३.० लिहिलं असेल तर जुनं फील्ड चालतच नाही. जुने ब्लॉग वाचून कोणी ‘बिल्ड-टूल्स’ लिहिलेलं दिसलं तर बदलून टाका.

ही ओळ लिहिली की कॅबल ते टूल स्वतः आणतो, बांधतो, आपल्या स्टोअरमध्ये ठेवतो, आणि तुमचा भाग कंपाइल करण्याआधी त्याची जागा पाथच्या सुरुवातीला लावतो. इथे ‘सुरुवातीला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमच्या बिन फोल्डरमध्ये जुनं एचस्पेक-डिस्कव्हर पडलेलं असलं तरी वापरलं जाईल ते कॅबल फाइलमध्ये लिहिलेलंच.

अॅलेक्स आणि हॅपी लायब्ररीच्या भागात येतील, कारण लेक्सर आणि पार्सर तिथे आहेत. टेस्टच्या भागात ते पुन्हा लिहायची गरज नाही. इथे एक बारीक गोष्ट बरेच जण चुकतात. टूल स्वतः तुमच्या प्रोग्राममध्ये येत नाही, पण त्याने तयार केलेला कोड येतो, आणि तो कोड काही मॉड्यूल इम्पोर्ट करतो. हॅपीने बनवलेला पार्सर ‘अॅरे’ पॅकेजमधलं मॉड्यूल इम्पोर्ट करतो. तुम्ही स्वतः कुठेही अॅरे वापरलेला नसला तरी तो ‘बिल्ड-डिपेंड्स’मध्ये हवा. नाहीतर एरर येतो तो तुम्ही न लिहिलेल्या फाइलमधल्या ओळीवर, आणि नवखा माणूस तासभर व्याकरणाच्या फाइलमध्ये चूक शोधत बसतो. एचस्पेक-डिस्कव्हरचंही तसंच: त्याने लिहिलेला कोड एचस्पेकच्या लायब्ररीला हाक मारतो, म्हणून दोघांची व्हर्जन एकाच मालिकेतली ठेवा. वरच्या ओळीत २.११.* लिहिलं ते त्यासाठी. बाकी बहुतेक टूल्सच्या बाबतीत इतकं काटेकोर राहायची गरज नसते.

आता लायब्ररी आणि टूल यांना वेगळ्या फील्डमध्ये ठेवण्यामागचं खरं कारण. माझ्या मते हे समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

लायब्ररी तुमच्या टाइपमध्ये मिसळते. तुमच्या फंक्शनने ‘टेक्स्ट’ (त्याच नावाच्या लायब्ररीतला मजकुराचा टाइप) घेतला आणि तो दुसऱ्या लायब्ररीतल्या फंक्शनला दिला, तर दोघांच्या डोक्यात एकच ‘टेक्स्ट’ असला पाहिजे. टेक्स्ट १.२ आणि टेक्स्ट २.० मधले टाइप नावाने सारखे, पण कंपायलरच्या दृष्टीने परके आहेत. २०२१ च्या शेवटी आलेल्या २.० मध्ये आतली मांडणीच यूटीएफ-१६ वरून यूटीएफ-८ वर गेली. म्हणून एका भागात लिंक होणाऱ्या सगळ्या लायब्ररींसाठी कॅबलचा सॉल्व्हर (व्हर्जन ठरवणारा भाग) प्रत्येक पॅकेजचं एकच व्हर्जन निवडतो. तुमची एक लायब्ररी टेक्स्ट २ च्या खालीच राहा म्हणते आणि दुसरी २ च्या वरच हवं म्हणते, तर उत्तर नाही. सॉल्व्हर तसं सांगून थांबतो. त्याने तसं थांबणं हेच बरोबर आहे.

टूलचं तसं नाही. हॅपी हा वेगळा प्रोग्राम आहे. तो चालतो, फाइल लिहितो, संपतो. त्याला स्वतःला बांधताना ‘कंटेनर्स’ या लायब्ररीचं कुठलं व्हर्जन लागलं याच्याशी तुमच्या टाइपचा काही संबंध नाही. म्हणून सॉल्व्हर ‘बिल्ड-टूल-डिपेंड्स’मधल्या प्रत्येक टूलसाठी वेगळा हिशोब मांडतो. कंपायलर तोच, पण त्याच्या लायब्ररींची व्हर्जन तुमच्यापेक्षा वेगळी असली तरी चालतं. ‘टूलपण बिल्ड-डिपेंड्समध्ये टाकलं, काय फरक पडतो’ असं म्हणणारे भेटतात. फरक हा पडतो: टूलच्या सगळ्या अटी तुम्ही विनाकारण स्वतःच्या गळ्यात बांधून घेता आणि वर एक्झिक्यूटेबल पाथमध्ये येतच नाही.

याच वेगळ्या हिशोबाची दुसरी बाजू अनुभवाशिवाय कळत नाही. प्रोजेक्ट फाइलमध्ये (‘कॅबल.प्रोजेक्ट’) तुम्ही ‘कन्स्ट्रेंट्स’खाली एखाद्या लायब्ररीचं व्हर्जन बांधलं, तर ते तुमच्या लिंक होणाऱ्या लायब्ररींना लागू होतं. टूल्स बांधताना ते लागू होत नाही. बिल्डच्या लॉगमध्ये त्याच लायब्ररीचं दुसरं व्हर्जन कंपाइल होताना दिसतं आणि वाटतं की कॅबलने आपलं ऐकलं नाही. सगळीकडे लागू करायचं असेल तर पॅकेजच्या नावाआधी ‘एनी’ आणि टिंब लावायचं. पण करण्याआधी तसं खरंच हवंय का ते पाहा. बहुतेक वेळा नको असतं.

तुमच्या प्रोजेक्टला उपयोगी पडेल असा याच फील्डचा एक वापर सांगतो, तो मला फार आवडतो. तुमचा कमांड-लाइन प्रोग्राम टेस्टमधून खराखुरा चालवून बघायचा असतो: ही इनपुट फाइल दिली, आउटपुट अपेक्षेप्रमाणे आलं का. त्यासाठी लोक बिल्ड फोल्डरमधला लांबलचक पाथ टेस्टमध्ये लिहून ठेवतात, आणि कंपायलर बदलला की तो मोडतो. त्याऐवजी टेस्ट सूटच्या ‘बिल्ड-टूल-डिपेंड्स’मध्ये स्वतःच्याच पॅकेजचं नाव आणि स्वतःच्याच एक्झिक्यूटेबलचं नाव लिहा. कॅबल आधी तो प्रोग्राम बांधतो, टेस्ट चालवताना पाथमध्ये ठेवतो, आणि टेस्टमध्ये तुम्ही त्याला नुसत्या नावाने हाक मारू शकता. जुना बांधलेला प्रोग्राम चुकून तपासला जाण्याची भीतीही जाते.

आता या फील्डमध्ये काय घालू नये. कोडमध्ये सुधारणा सुचवणारं एचलिंट, ऑर्मोलू किंवा फोरमोलूसारखे फॉरमॅटर, एडिटरला मदत करणारा हॅस्केल लँग्वेज सर्व्हर: यांच्याशिवाय तुमचा कोड कंपाइल होतो. ही लिहिणाऱ्याची टूल्स आहेत, कोडची नाहीत. त्यांना कॅबल फाइलमध्ये घातलंत तर तुमचं पॅकेज वापरणाऱ्या प्रत्येकाला जीएचसीचा पार्सर असलेली अवजड लायब्ररी उगाच कंपाइल करत बसावं लागेल. पण मोकळंही सोडू नका. फॉरमॅटरचं व्हर्जन दोघांकडे वेगळं असलं की एकाने सेव्ह केलं की चाळीस फाइली बदलतात आणि रिव्ह्यूमध्ये खरा बदल शोधावा लागतो. आम्ही सीआयच्या स्क्रिप्टमध्ये फॉरमॅटरचं अचूक व्हर्जन लिहितो आणि तीच स्क्रिप्ट प्रत्येक जण आपल्या मशीनवर चालवतो. लँग्वेज सर्व्हर मात्र प्रोजेक्टच्या जीएचसी व्हर्जनसाठीच बांधलेला लागतो. तो जीएचसीअपने (हॅस्केलची टूल्स बसवणाऱ्या प्रोग्रामने) आणा, सगळ्यांत कमी त्रास होतो.

लॅपटॉपवर सगळं चालतंय याचं आणखी एक कारण तपासून घ्या. कधी ‘कॅबल इन्स्टॉल’ला ‘लिब’चा पर्याय देऊन लायब्ररी इन्स्टॉल केली होती का? त्याने लायब्ररी प्रोजेक्टमध्ये येत नाही. होम डिरेक्टरीत जीएचसीच्या नावाने एक एन्व्हायर्नमेंट फाइल तयार होते, आणि नुसता जीएचसी किंवा जीएचसीआय (त्याचा संवादी प्रॉम्प्ट) चालवला की तो ती गुपचूप वाचतो. मग जीएचसीआयमध्ये मॉड्यूल लोड होतं, ‘कॅबल बिल्ड’मध्ये होत नाही, आणि माणूस चक्रावतो. ती फाइल काढून टाका आणि प्रोजेक्टमध्ये ‘कॅबल रेपल’ वापरायची सवय लावा. ‘कॅबल इन्स्टॉल’ फक्त स्वतःसाठी हव्या असलेल्या प्रोग्रामसाठी ठेवा.

कॅबल फाइल खरंच पूर्ण आहे का हे बघायची माझी पद्धत साधी आहे. कॅबलचे इन्स्टॉल केलेले प्रोग्राम जिथे जातात ते फोल्डर, म्हणजे जुन्या मांडणीत .कॅबलमधलं बिन आणि नव्या मांडणीत .लोकलमधलं बिन, काही मिनिटांसाठी दुसऱ्या नावाचं करायचं. जीएचसी आणि कॅबल जीएचसीअपच्या फोल्डरमध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही. प्रोजेक्टचं बिल्ड फोल्डर पुसायचं आणि टेस्टसकट सगळं बिल्ड करायचं. जे पडेल ते लिहायचं राहिलं होतं. उलट बाजूने, गरज नसताना लिहिलेल्या लायब्ररी शोधायला जीएचसी ८.१० पासून न वापरलेल्या पॅकेजची वॉर्निंग मिळते. ती चालू करा. बहुतेक जुन्या प्रोजेक्टमध्ये दोन-तीन तरी सापडतात. आणि ऑप्टपार्स-अॅप्लिकेटिव्हसारखी लायब्ररी, जी फक्त कमांड-लाइन वाचायला लागते, ती एक्झिक्यूटेबलच्या भागात हवी. लायब्ररीच्या भागात ठेवली तर तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला ती फुकटची ओढावी लागते.

इथपर्यंत हॅकेजवरून, म्हणजे हॅस्केल पॅकेजच्या सार्वजनिक संग्रहावरून, येणाऱ्या गोष्टी झाल्या. सर्व्हरवर जास्त त्रास देतात त्या हॅकेजवर नसलेल्या.

हॅस्केलच्या लायब्ररी साधारणपणे प्रोग्रामच्या आतच स्टॅटिक लिंक होतात, म्हणून लोक समजतात की एक फाइल कॉपी केली की काम झालं. सीच्या लायब्ररी मात्र बाहेरच राहतात. लिनक्सवर तयार प्रोग्रामवर ‘एलडीडी’ चालवून बघा, त्याला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींची यादी मिळते. लिबजीएमपी बहुतेक दिसेलच, कारण हॅस्केलचे मोठे पूर्णांक तिच्यावर चालतात. पोस्टग्रेसशी बोलत असाल तर लिबपीक्यू दिसेल. नव्या सर्व्हरवर त्याच ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ आलं तर तिथे ती बसवलेली नाही. डेबियनवर बिल्डच्या मशीनला लिबपीक्यू-डेव्ह लागतं, चालवायच्या मशीनला नुसतं लिबपीक्यू५ पुरतं, आणि हा फरक कंटेनरची इमेज लहान ठेवायला उपयोगी आहे. ग्लिबसीचंही (लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीचंही) लक्षात ठेवा: उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही, म्हणून बिल्ड नेहमी जुन्या सिस्टिमवर करा.

सीच्या लायब्ररीला तुमचं पॅकेज थेट हाक मारत असेल तर ‘पीकेजीकॉन्फिग-डिपेंड्स’ लिहा. ‘एक्स्ट्रा-लायब्ररीज’नेही काम होतं, पण त्यात व्हर्जन सांगता येत नाही. पहिल्या फील्डमुळे सॉल्व्हर सुरुवातीलाच पीकेजी-कॉन्फिगला (बसवलेल्या सीच्या लायब्ररींची माहिती देणाऱ्या प्रोग्रामला) विचारतो आणि लायब्ररी नसेल तर तसं नाव घेऊन सांगतो. वीस मिनिटं कंपाइल झाल्यावर लिंकरने ओरडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

शेवटचा प्रकार कॅबलला अजिबात दिसत नाही: तुमचा प्रोग्राम चालू असताना ज्या दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतो तो. आमच्या एका जुन्या कामात पीडीएफमधला मजकूर काढायला ‘पीडीएफटूटेक्स्ट’ चालवत होतो. कोणीतरी कंटेनरची मूळ इमेज बदलून लहान घेतली. बिल्ड झालं, टेस्ट झाल्या, कारण टेस्टमध्ये पीडीएफ नव्हतीच. प्रोग्राम सुरूही झाला. रात्री पहिली पीडीएफ आली तेव्हा ‘अशी फाइल अस्तित्वात नाही’ असा एरर आला, आणि आम्ही पहाटेपर्यंत पीडीएफ कुठे हरवली ते शोधत होतो. हरवलेली फाइल म्हणजे तो प्रोग्रामच होता! तेव्हापासून नियम केला: बाहेरच्या प्रोग्रामची नावं एकाच मॉड्यूलमध्ये, आणि मेन सुरू होताच डिरेक्टरी पॅकेजमधल्या ‘फाइंडएक्झिक्यूटेबल’ने प्रत्येक नाव शोधायचं. सापडलं नाही तर कुठला प्रोग्राम, डेबियनच्या कुठल्या पॅकेजमध्ये, हे सांगून तिथेच थांबायचं. पीडीएफटूटेक्स्टसाठी तो संदेश ‘पॉपलर-युटिल्स बसवा’ असा आहे. निक्स हा पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर हे प्रोग्रामसुद्धा पॅकेजच्या वर्णनातच बांधता येतात आणि प्रोग्रामसोबतच सर्व्हरवर जातात. फक्त याच कारणासाठी निक्स शिकलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला पटतं.

आता फ्रीझ फाइल. तुमच्या रेपॉझिटरीत दोन गोष्टी आहेत, आणि त्यांचं उत्तर वेगळं आहे. लायब्ररीसाठी कॅबल फाइलमध्ये खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा लिहा. हॅकेजच्या व्हर्जन धोरणात पहिले दोन आकडे मिळून मोठा बदल दाखवतात, म्हणून ‘^>=’ हे चिन्ह (या व्हर्जनपासून, पण पुढच्या मोठ्या बदलाच्या आत) बहुतेक वेळा पुरतं. वरची मर्यादा नकोशी वाटते हे मला माहीत आहे. पण २०२१ मध्ये जेसन वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एसॉन या लायब्ररीचं २.० आलं आणि जेसन ऑब्जेक्टचा आतला हॅशमॅप बदलून कीमॅप झाला, तेव्हा मर्यादा लिहिलेल्या पॅकेजना सॉल्व्हरने जुन्यावरच ठेवलं, न लिहिलेली थेट कंपाइल एररवर गेली. जुन्या व्हर्जनपर्यंत चालतं म्हणून लिहिलेली खालची मर्यादाही खरी हवी, कॅबल ३.८ पासून ‘प्रेफर-ओल्डेस्ट’ देऊन सीआयमध्ये ती तपासता येते.

सर्व्हरवर जाणाऱ्या प्रोग्रामसाठी मात्र फ्रीझ फाइल नक्की ठेवा. ती प्रोजेक्ट फाइलच्या शेजारी असते, हॅकेजवर जाणाऱ्या पॅकेजमध्ये जात नाही, त्यामुळे लायब्ररी वापरणाऱ्यांना तिचा उपद्रव नाही. तिच्यासोबत ‘इंडेक्स-स्टेट’ हवंच. हॅकेजवर पॅकेजचं व्हर्जन तेच ठेवून त्याची कॅबल फाइल नंतर सुधारता येते, मर्यादा सैल किंवा घट्ट करता येतात. म्हणजे नुसता व्हर्जनचा आकडा बांधून काल मिळालेलं उत्तर उद्या मिळेल याची खात्री नाही. इंडेक्स-स्टेटमध्ये तारीख आणि वेळ लिहिली की सॉल्व्हरला त्या क्षणापर्यंतचंच हॅकेज दिसतं. नवीन कॅबल फ्रीझ करताना ही ओळ स्वतःच लिहितो, जुना असेल तर प्रोजेक्ट फाइलमध्ये हाताने घाला. सीआयमध्ये दोन कामं ठेवा: एक फ्रीझ फाइलसकट, ज्याच्यातून सर्व्हरवरचा प्रोग्राम बनतो, आणि एक आठवड्यातून एकदा, फ्रीझ फाइल आणि इंडेक्स-स्टेटची ओळ दोन्ही बाजूला काढून. दुसरं पडलं की बाहेर काय बदललं ते आठवड्याच्या आत कळतं, आणि सर्व्हरवर जाणारं काम त्याने अडत नाही.

तुमच्या सहकाऱ्याला मात्र इतकं सगळं होईपर्यंत थांबवू नका. अॅलेक्स, हॅपी आणि एचस्पेक-डिस्कव्हर यांच्या तीन नोंदी आज लिहा, त्याला गिटमधून नवीन कोड घ्यायला सांगा आणि त्याच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल न करता ‘कॅबल टेस्ट’ चालवायला लावा. त्यानंतरही पडलं तर पूर्ण लॉग इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.